पेटी कॉन्ट्रॅक्टरांची संघटना : कोकणात कुठे सभासद व्हावं, काय मागावं आणि तालुक्यात नसेल तर कशी उभी करावी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोकणातल्या बहुतेक साइटवर एकच घाई असते. पावसाआधी स्लॅब पडला पाहिजे, बाहेरचा गिलावा उरकला पाहिजे. या घाईत पेटी कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे मुख्य ठेकेदाराकडून कामाचा एखादा भाग अंगावर घेणारा छोटा ठेकेदार, जादा माणसं लावतो, गवंड्यांना उचल देतो आणि वाढीव कामाचं "नंतर बघू" असं तोंडी ठरतं. जून उजाडला की साइट बंद होते, मुख्य ठेकेदार दुसरीकडे गुंततो आणि बिल गणपतीपर्यंत लोंबकळतं. लेखी मागणी करावी तर पुढचं काम हातचं जाईल ही धास्ती असते, आणि न करावी तर मजुरांची देणी घरातून भागवावी लागतात.

संघटनेचा सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे. जे पत्र एकटा माणूस लिहायला धजावत नाही, ते संघटनेच्या लेटरहेडवर जातं. बाकीचे फायदे, म्हणजे विमा, माल, प्रशिक्षण, ओळखी, हे खरे असले तरी या एका गोष्टीपुढे दुय्यम आहेत. म्हणून संघटना निवडताना पहिला प्रश्न हाच असावा : ही संस्था सभासदासाठी पत्र लिहिते का, आणि ते लिहिण्याइतके कागद तुमच्याकडे आहेत का?

कुठली संघटना कुणाची

बांधकाम क्षेत्रातल्या संस्था बाहेरून सारख्या दिसतात, पण त्यांचे सभासद वेगळे असतात आणि हितसंबंधही वेगळे असतात. क्रेडाई ही १९९९ साली स्थापन झालेली संस्था विकासकांची, म्हणजे इमारत बांधून विकणाऱ्यांची आहे. पेटी कॉन्ट्रॅक्टरला तिथे सभासद होऊन फारसं काही मिळत नाही. तिथल्या सभासदांची ओळख कामं मिळवायला उपयोगी पडते, इतकंच. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही १९४१ पासूनची ठेकेदारांची देशपातळीवरची संस्था आहे. मुख्यालय मुंबईत आहे आणि ठिकठिकाणी तिची केंद्रं आहेत. निविदेच्या अटी, कर, कामगार कायदे यांवर ती सरकारशी बोलते. तुमची उलाढाल वाढत असेल आणि उद्या स्वतः निविदा भरायच्या असतील तर तिचं सभासदत्व उपयोगी ठरतं. गिलाव्याच्या दीड लाखाच्या थकबाकीसाठी मात्र तिच्याकडे धाव घेणं व्यवहार्य नाही.

जिल्हा पातळीवर सरकारी कामं घेणाऱ्या कंत्राटदारांच्या संघटना असतात आणि त्यांचा राज्यस्तरीय महासंघही आहे. थकीत सरकारी बिलांसाठी २०२५ मध्ये राज्यभर आंदोलनं झाली ती याच मंडळींची. त्यांचं बिल निघालं तर तुमचं निघणार, म्हणून त्यांच्या लढ्याशी तुमचा संबंध आहे. पण तुमचे पैसे ज्याच्याकडे अडकलेत तो त्याच संघटनेचा पदाधिकारी असू शकतो, हे डोळ्याआड करू नका. शिवाय सरकारी निविदेच्या अटींत परवानगीशिवाय काम पोटठेक्याने द्यायला मनाई असते. त्यामुळे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या लेखी तुम्ही त्या कामावर नसताच. विभागाकडे तक्रार करून काही हाती लागत नाही. तुमचा आधार म्हणजे मुख्य ठेकेदाराने तुम्हाला दिलेला लेखी कार्यादेश (वर्क ऑर्डर), दुसरा काही नाही.

मजूर सहकारी संस्था आणि त्यांचे जिल्हा संघ हा तिसरा प्रकार. लहान सरकारी कामांचं वाटप सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर संस्था आणि खुले कंत्राटदार यांच्यात ३३:३३:३४ या प्रमाणात होतं, म्हणून या संस्थांना वजन आहे. पाच-दहा कसबी माणसं एकत्र काम करत असतील तर मजूर संस्था हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. मात्र संस्थेच्या नावावरचं काम तुम्ही अंगावर घेत असाल तर संस्थेशी वेगळा लेखी करार करा.

चौथा प्रकार धंद्याच्या, म्हणजे ट्रेडच्या संघटनांचा : विद्युत ठेकेदार, फॅब्रिकेटर, प्लंबर, रंगकाम करणारे. पेटी कॉन्ट्रॅक्टरला सगळ्यात जवळची हीच. तालुक्यात अशी संघटना जिवंत असेल तर आधी तिथे जा. यांशिवाय १९२७ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स आहे. तिचा परीघ सर्व व्यापार-उद्योगांचा आहे.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

नियमावलीची प्रत मागा. "सहयोगी सभासद" असा वर्ग असेल तर त्याला मताधिकार आहे का ते पाहा. अनेक ठिकाणी पेटीवाल्यांना याच वर्गात घेतात, म्हणजे वर्गणी पूर्ण आणि मत शून्य. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा. सध्याच्या कार्यकारिणीची नोंद धर्मादाय आयुक्त कार्यालयात झाली आहे का ते विचारा. गेल्या दोन वर्षांत किती तक्रारी आल्या आणि किती मिटल्या हे नोंदवहीतून दाखवायला सांगा. नोंदवहीच नसेल तर उत्तर मिळालं.

आणखी एक प्रश्न, विचारायला अवघड पण सर्वांत मोलाचा : संघटनेच्याच सभासदाविरुद्ध आलेली तक्रार कधी ऐकली आहे का? ज्या संस्थेने ती ऐकली, तिचं पत्र बाजारात वजन राखून असतं.

आपले कागद आधी

कागद नसलेल्या सभासदासाठी चांगली संघटनाही काही करू शकत नाही. अर्ज करण्याआधी या क्रमाने तयारी करा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिली. सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे. आधार आणि पॅन लागतं, जीएसटी असेल तर तो क्रमांकही. एजंट पैसे मागतात ते त्यांच्या मेहनतीचे, सरकारचे नव्हेत. व्यवसायाचा प्रकार निवडताना एनआयसी (उद्योगांचं राष्ट्रीय वर्गीकरण) यादीतला ४३ वा विभाग, म्हणजे विशेष बांधकाम कामं, निवडा. घाईत "व्यापार" निवडला गेला तर वेळेत पैसे मिळण्याच्या तरतुदींचा लाभ जातो, आणि ही चूक फार होते. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. कोकणातले जवळजवळ सगळे पेटी कॉन्ट्रॅक्टर यात बसतात. नोंदणी काम घेण्याच्या आधीची असावी. पैसे अडकल्यावर काढलेली उद्यम जुन्या कामाला लागू करताना वाद होतात.

मग पॅन आणि बँक खातं एकाच नावाने करून घ्या. मुख्य ठेकेदार टीडीएस, म्हणजे तुमच्या नावावरचा आगाऊ प्राप्तिकर, बिलातून कापतो : व्यक्ती किंवा एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २ टक्के. एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर किंवा वर्षाची एकूण १ लाखाच्या वर गेली की कपात सुरू होते. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर खरोखर भरली गेली का हे दर तिमाहीला फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या करउताऱ्यात, पाहा. "टीडीएस कापला" असं सांगून न भरल्याची प्रकरणं संघटनेकडे नेण्यासारखी असतात, कारण त्यात पुरावा स्पष्ट असतो.

जीएसटीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाख आहे. मालासकट काम असेल तर त्याला वर्क्स कॉन्ट्रॅक्ट म्हणतात आणि त्यावर सर्वसाधारणपणे १८ टक्के कर लागतो. एकट्या स्वतंत्र घराचं, संकुलाचा भाग नसलेलं, निव्वळ मजुरीचं बांधकाम करमुक्त आहे. गावातल्या बंगल्यावर मजुरीने काम करताना हे माहीत असलं पाहिजे.

आणि प्रत्येक कामाची एक फाइल ठेवा. तिच्यात कार्यादेश, दर, मोजणीपत्रकं, बिलांच्या प्रती, पैसे मिळाल्याच्या नोंदी आणि वाढीव कामाचे मेसेज असावेत. व्हॉट्सअॅपवर साहेबांनी "करून टाका" म्हटलेला संदेशही उपयोगी आहे. त्याची छपाई तारखेसह फाइलला लावा आणि मूळ संदेश फोनमधून काढू नका.

मोजणी : वाद जिथे जन्मतो

थकबाकीच्या तक्रारी उघडून पाहिल्या की दर क्वचितच वादाचा निघतो. भांडण मोजणीचं असतं. एक खोली घ्या : लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, उंची १० फूट. चार भिंतींचा परीघ ४४ फूट, म्हणून एका बाजूचा गिलावा ४४० चौरस फूट. दार साडेतीन बाय सात, म्हणजे २४.५ चौरस फूट. दोन खिडक्या चार बाय चार, म्हणजे ३२. एकूण उघडा भाग ५६.५ चौरस फूट. आतून-बाहेरून गिलावा आहे असं धरलं (भिंतीची जाडी हिशेबासाठी सोडून) तर ८८० चौरस फूट होतात. साइट इंजिनीअर दोन्ही बाजूंनी वजावट करतो आणि ७६७ धरतो. पेटीवाला म्हणतो, दाराखिडक्यांच्या कडा भरायला मेहनत जास्त लागते, वजावट नकोच, ८८० धरा.

भारतीय मानक आयएस १२०० मध्ये याचं उत्तर आहे. ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या (सुमारे ५.४ चौरस फूट) उघड्या भागाची वजावट करायची नाही. ०.५ ते ३ चौरस मीटर (सुमारे ३२ चौरस फूट) असेल आणि दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचा गिलावा असेल तर एकाच बाजूची वजावट करायची आणि कडा वेगळ्या मोजायच्या नाहीत. वरच्या उदाहरणात प्रत्येक उघडा भाग याच पट्ट्यात बसतो, म्हणून योग्य माप ८२३.५ चौरस फूट. दोघेही ५६.५ चौरस फुटांनी चुकत होते. अशा आठ खोल्या धरल्या तर फरक ४५२ चौरस फुटांचा, म्हणजे साडेचार ब्रासचा.

ब्रास हा शब्दही जपून लिहा. वाळू, खडी यांत ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलावा, रंग यांत ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) बांधकाम नगावर की ब्रासवर, सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठी फळ्यांचा साचा) स्लॅबच्या क्षेत्रफळावर की फळ्या प्रत्यक्ष लागतात त्या पृष्ठभागावर, हे कार्यादेशात शब्दांत लिहिलेलं असावं. स्लॅबच्या क्षेत्रफळावर दर ठरला आणि बीमच्या बाजू, छज्जे, जिना यांचा उल्लेख राहिला, तर ते सगळं फुकट गेलं असं समजा.

संघटनेने इथे करायचं काम म्हणजे प्रत्येक ट्रेडसाठी एका पानाचं "मोजणीचे नियम" पत्रक तयार करणं. सभासदाने ते कार्यादेशाला जोडायचं. आणि कोकणासाठी एक खास नियम : जे काम मातीखाली किंवा पावसाखाली जाणार आहे, जसं पाया, जोतं, भूमिगत टाकी, ड्रेनेज, त्याची संयुक्त मोजणी ३१ मेच्या आत. टेप लावलेला फोटो, तारीख, दोन्ही पक्षांच्या सह्या. पावसानंतर भरावाखालचं माप काढून दाखवता येत नाही.

वसुली : पायरीपायरीने

कार्यादेशातच पैसे देण्याची मुदत लिहून घ्या. "आम्हाला वरून मिळाले की तुम्हाला" अशी अट असेल तर तिला बाहेरची मर्यादा घाला, उदाहरणार्थ "परंतु बिल दिल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत". सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ठरलेल्या मुदतीत, कमाल ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर व्याज साडेसोळा टक्के. २ लाखांवर सहा महिन्यांचे सुमारे १७ हजार होतात.

हा कायदा संघटनांच्या सभांत मोठ्या आवाजात सांगितला जातो, पण त्यातली मेख क्वचित सांगतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या काही निकालांनुसार वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे माल आणि मजुरी एकत्र असलेलं काम, या कायद्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे, म्हणजे थकीत पैशांचे वाद ऐकणाऱ्या परिषदेपुढे, नेता येत नाही. म्हणून निव्वळ मजुरीचं काम असेल तर कार्यादेश आणि बिलावर "केवळ मजुरी" असं स्पष्ट लिहा. मालासकट काम असेल तर करारात लवादाचं कलम घाला, नाहीतर दिवाणी दाव्याखेरीज मार्ग उरत नाही.

थकबाकी झाल्यावरचा क्रम असा. मुदत संपल्यापासून सात दिवसांत तुमचं स्वतःचं साधं स्मरणपत्र, ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर. पंधराव्या दिवशी संघटनेकडे लेखी तक्रार, फाइलच्या प्रतींसह. तक्रार समितीने आधी कागद तपासावेत. मोजणीपत्रकावर सही नसेल तर पत्र पाठवण्याऐवजी संयुक्त मोजणीची मागणी करावी. कागद पुरेसे असतील तर पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. मजकूर इतकाच पुरतो :

"आपल्या वरील साइटवर आमचे सभासद यांनी केलेल्या गिलाव्याच्या कामाची संयुक्त मोजणी झाली असून मोजणीपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. सोबतच्या बिलापैकी नमूद रक्कम येणे बाकी आहे. मोजमाप वा दर्जाबाबत हरकत असल्यास हे पत्र मिळाल्यापासून १० दिवसांत लेखी कळवावी, अन्यथा त्याच मुदतीत रक्कम सभासदाच्या खात्यात जमा करावी. चर्चेसाठी संघटनेचे दोन प्रतिनिधी साइटवर येण्यास तयार आहेत."

धमकी नाही, विशेषणं नाहीत. "काम बंद पाडू" असं एक वाक्य गेलं की समोरचा पैशांचा विषय सोडून त्या वाक्यावर बोलायला लागतो. साइटवर चर्चेला दोघांनीच जावं. त्यातला एक त्या ट्रेडचा जाणता असावा, दुसरा त्या ट्रेडचा नसावा. दहा जणांचा घोळका गेला की तो मोर्चा होतो, बोलणी होत नाहीत.

फेब्रुवारीतलं पत्र वेगळं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला मुदतीत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, ती प्रत्यक्ष दिल्यावरच धरता येते, अशी तरतूद प्राप्तिकरात आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सर्व सभासदांच्या थकबाकीचा तक्ता आणि उद्यम प्रमाणपत्रं मुख्य ठेकेदारांच्या अकाउंट्स विभागाला पाठवावीत. साइटवरचा माणूस दाद देत नाही तिथे अकाउंटंट दाद देतो.

मुदतीचं भान ठेवा. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून ३ वर्षांत दावा दाखल व्हायला हवा. मुदत चालू असताना देणेकऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली तर ३ वर्षं नव्याने मोजली जातात. म्हणून दर ३१ मार्चला खातेउताऱ्यावर "बाकी मान्य" अशी सही घेण्याची सवय लावा.

रिटेन्शनबद्दलही बोललं पाहिजे. सहसा ५ टक्के रक्कम दोषदायित्वाच्या काळासाठी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीसाठी, राखून ठेवतात. कोकणात गळती पहिल्या पावसातच दिसते, तेव्हा मालकाने एक पावसाळा पाहणं योग्यच आहे. पण "काम पूर्ण झाल्यावर १२ महिने" असं लिहिलं की पूर्णत्वाचा दाखला कधी मिळणार यावर सगळं लटकतं. त्याऐवजी तारीख लिहा : काम उरकल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्याचा ३१ ऑक्टोबर. गिलावा, वॉटरप्रूफिंग, पत्र्याची शेड, कौलारू छप्पर या कामांना ही तारीख दोन्ही बाजूंना पटते.

माणसं : हजेरी, मंडळ आणि विमा

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंद होते. त्यासाठी गेल्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते देणारा अनेकदा पेटी कॉन्ट्रॅक्टरच असतो. या प्रमाणपत्रामागे हजेरीपुस्तक हवं. ओळखीखातर न कामावर आलेल्या माणसाला ९० दिवस लिहून देणं ही फसवणूक आहे आणि सही तुमची असते. संघटनेने एकसारखं हजेरीपुस्तक छापून द्यावं : नाव, काम, दिवस, साइट, उचल, शिल्लक, सही. एक माणूस वर्षात तीन कॉन्ट्रॅक्टरांकडे ३०-३० दिवस काम करतो तेव्हा संघटनेतल्या तिघांची पुस्तकं जुळवून त्याचे ९० दिवस खरेपणाने भरतात. विजयपूर, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेल्या गवंड्यांना आणि बिगाऱ्यांना हे कुणी एकट्याने करून देत नाही.

मुख्य ठेकेदाराच्या बिलातून १ टक्का कामगार उपकर कापला जातो. तोच तुमच्या बिलातून पुन्हा वळता करायचा की नाही हे कार्यादेशात लिहिलेलं असावं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कामगाराला नियुक्तिपत्र देणं ही त्यातली रोजच्या व्यवहारातली मोठी गोष्ट. त्याचा मराठी नमुना संघटनेने एकदाच बनवून सर्वांना द्यावा.

विम्याचं महत्त्व हिशेबाने कळतं. ३० वर्षांचा कामगार परांचीवरून पडून गेला, मजुरी भरपाईसाठी धरण्याच्या कमाल मर्यादेइतकी म्हणजे महिना १५,००० धरली, तर भरपाई येते ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. ही रक्कम मुख्य ठेकेदाराने भरली तरी तो ती तुमच्याकडून वसूल करू शकतो. सभासदांमधल्या कुणाच्याही घरावर हा भार येऊ नये, ही तळमळ संघटनेच्या कामात दिसली पाहिजे. कामगार भरपाईचा विमा, बोलीभाषेत जिला डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात ती, प्रत्येक सभासदाकडे हवी. विमा कंपनीशी वीस-तीस जणांच्या वतीने बोललं की हप्त्यावर आणि अटींवर चर्चा करता येते. पॉलिसीत कामाचा प्रकार आणि उंची बरोबर लिहिली आहे का पाहा. "रंगकाम" एवढंच लिहिलेलं असताना माणूस तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या परांचीवर असेल तर दाव्यात अडचण येते. याशिवाय प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती मृत्यूचं संरक्षण देते (वय १८ ते ७०). संघटनेने मे महिन्यात बँकेचा माणूस साइटवर बोलावून सगळ्यांचे फॉर्म भरून घ्यावेत. सेफ्टी बेल्ट, हेल्मेट यांची एकत्र खरेदी हा साधा उपक्रमही पहिल्या वर्षी करता येतो.

मालाची एकत्र खरेदी

याबद्दल मोठी आश्वासनं देऊ नयेत. सिमेंट, स्टील मुख्य ठेकेदार पुरवतो, तेव्हा पेटीवाल्याला तिथे वाव कमी असतो. उपयोग होतो तो सेंट्रिंग साहित्य, टेकू, मिक्सर, व्हायब्रेटर भाड्याने देण्या-घेण्यात आणि चिऱ्यात. पावसाळ्यात खाणी बंद असतात, म्हणून ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या जोत्यांसाठी चिरा मे महिन्यात साठवावा लागतो. चार जणांची मागणी एकत्र गेली तर खाणवाला नीट चिरा निवडून देतो. गौण खनिजाच्या (चिरा, वाळू, खडी यांच्या) स्वामित्वधनाची, म्हणजे रॉयल्टीची, पावती आणि वाहतूक परवाना प्रत्येक गाडीचा घ्या. सरकारी कामात या पावत्या दिल्या नाहीत तर रॉयल्टी बिलातून कापतात आणि मुख्य ठेकेदार ती तुमच्यावर ढकलतो.

वादळानंतर एकत्र असण्याची किंमत कळते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पाठोपाठ २०२१ मध्ये तौक्ते आलं आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात महापूर आला. अशा वेळी सगळ्या गावांना एकाच आठवड्यात पत्रे, कौलं आणि माणसं लागतात. कुणाकडे किती माणसं मोकळी आहेत याची यादी संघटनेकडे तयार असेल तर तालुक्याचं काम वेगाने उरकतं.

एक गोष्ट करू नका

दरपत्रक काढू नका. "अमुक तारखेपासून गिलाव्याचा दर इतका, यापेक्षा कमी कुणी घेऊ नये" असा फलक लावणं म्हणजे स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ ला हात घालणं आहे. किंमत संगनमताने ठरवणं, कामं किंवा गावं वाटून घेणं, निविदा आपसात ठरवून भरणं, हे सगळं त्यात येतं. संघटना म्हणून केलं तरीही, आणि पदाधिकारीही जबाबदार धरले जातात. थकबाकीदाराचं नाव ग्रुपवर टाकून "याचं काम कुणी घेऊ नका" म्हणणंही याच वाटेवरचं आहे, वर बदनामीचा दावा वेगळा.

त्याऐवजी सभासदाला स्वतःचा खर्च काढायला शिकवा. रोजची मजुरी, दिवसाचं होणारं काम, वाया जाणारा माल, अवजारांची झीज, प्रवास, पावसाळ्यातले बसून गेलेले दिवस, विमा, टीडीएसमुळे अडकणारे पैसे. हा कोरा तक्ता सर्वांना द्या, आकडे ज्याने त्याने भरावेत आणि दर ज्याचा त्याने ठरवावा. बहुतेकांचा दर कमी लागतो तो पावसाळ्याचे चार महिने आणि शिमगा-गणपतीच्या सुट्ट्या हिशेबात न धरल्यामुळे.

तालुक्यात काहीच नसेल तर

सुरुवात नोंदणीने करू नका. आधी वेगवेगळ्या ट्रेडची १२ ते १५ माणसं जमवा आणि सहा महिने नोंदणीशिवाय फक्त दोन कामं करा : मोजणीचे नियम लिहिणं आणि एकमेकांच्या फाइली तपासणं. जी माणसं सहा महिने टिकतात ती खरी संस्थापक. ज्यांना केवळ पद हवं आहे ती तोवर गळतात.

मग रूप निवडा. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जण लागतात आणि नोंदणी जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयातून होते. उद्देशांच्या मजकुरावर तिथे आक्षेप निघू शकतो, म्हणून "सभासदांचा फायदा" एवढंच न लिहिता कसबाचं प्रशिक्षण, कामगारांची सुरक्षितता, दर्जा आणि मोजमापाची शिस्त हे उद्देश स्पष्ट मांडा. दुसरा मार्ग कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ ची कंपनी. त्यात व्यापाराला चालना हा उद्देश थेट बसतो, पण दरवर्षीची विवरणपत्रं आणि सीएचा खर्च जास्त. तालुका पातळीवर पहिला मार्ग परवडतो.

नोंदणीसाठी नाव, नियमावली, उद्देशपत्र, सातही जणांचे ओळखपत्र व पत्त्याचे पुरावे, कार्यालयाच्या जागेचं संमतीपत्र आणि पहिल्या सभेचा ठराव लागतो. नियमावलीत चार गोष्टी विसरू नका : एका ट्रेडचे कार्यकारिणीत जास्तीत जास्त किती, अध्यक्षाची सलग मुदत किती, तक्रार समितीत तक्रारीशी संबंधित माणूस बसणार नाही, आणि वर्गणी थकली तर मत कधी थांबतं.

संस्था मरते ती बहुधा कागदावर. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. तो दिला नाही की धर्मादाय कार्यालयात जुनीच नावं राहतात, बँक सह्या बदलायला नकार देते, आणि पुढची निवडणूक आली की दोन गट आपणच खरे म्हणून भांडतात. निवडणुकीनंतरच्या पहिल्याच सभेत अर्ज तयार ठेवून सह्या घ्या.

पैशांचं गणित साधं ठेवा. ३० सभासद, प्रत्येकी वर्षाला १,२०० रुपये, म्हणजे ३६,००० जमतात. यातून आधी लेखापरीक्षण, टपाल, छपाई, आणि आठवड्यातून काही तास येऊन नोंदवही ठेवणारा, पत्रं टाइप करणारा माणूस. कार्यालयाचं भाडं, कॅलेंडरं आणि फ्लेक्स त्यानंतर. पहिलं वर्ष कुणाच्या तरी दुकानातल्या कपाटावर भागतं.

सभांचं वेळापत्रक कोकणच्या कामाप्रमाणे लावा. वार्षिक सभा जुलैत, साइट थंड असताना. ऑगस्टमध्ये गणपतीआधीच्या रंगकामाची आणि देण्यांची बैठक, कारण माणसांना गावी जाण्याआधी पैसे हवे असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नव्या हंगामाचे कार्यादेश एकमेकांना दाखवण्याची बैठक, जी सगळ्यांत उपयोगी असते. फेब्रुवारीत थकबाकीचा तक्ता. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सभा नको, त्याऐवजी प्रत्येक सभासदाला एकच संदेश : पुरलं जाणारं काम मोजलं का, आणि सही झाली का?